पुलाचं कडवं

बुर्रसनं कांद्याचा शेवटचा चावा घेतला, हात अंगरख्याला पुसले आणि पालथ्या टोपलीवर चढून ओरडला, "चला, म्हाताऱ्याचं अस्वल घ्या! जोरात!"

रोमच्या वेशीबाहेर, मंगळाच्या मैदानात दोन हजार सैनिकांचे घसे एकदम मोकळे झाले.

"खेळांना आणलं अस्वल, ते वाळूतच घोरलं;
सिनेटला दिलं भाषण, सिनेटही तसंच पेंगुळलं!"

म्हातारा म्हणजे सेनापती मॅनियस सेस्तुलियस. तरुणपणी त्यानं शहराचे खेळ भरवले होते, तेव्हाचं हे अस्वल. आज त्याचा विजयरथ रोममध्ये शिरणार होता. रथामागून चालत सैनिकांनी त्याची यथेच्छ टिंगल करायची. या एका दिवशी अरे-तुरे माफ. इतकं कौतुक झालं की देवांची दृष्ट लागते, ती टिंगलीनंच उतरते. म्हणून तर गाणी रचायला बुर्रससारखा वाह्यात माणूस धरला होता.

शेजारचा हेरियस मात्र तोंड वाकडं करून उभा होता.

"हे काय रे? आजी नातवाला चिडवते तसं! देव काय दुधखुळे आहेत?"

"मग काय करू? न्यायाधीश होता तेव्हा ह्यानं सख्ख्या सासऱ्याला दंड ठोकला. छावणीत आपल्याआधी उठतो, आपल्यानंतर जेवतो. मेल्यानं शिवी द्यायला जागाच ठेवली नाही!"

"एक जागा आहे," हेरियस म्हणाला आणि जमिनीकडं बघत राहिला.

बुर्रस टोपलीवरून उतरला.

मोहिमेत एकदा डोंगरातल्या नदीवर शत्रू अगदी पाठीवर आला होता. पूल तोडण्यावाचून इलाज नव्हता. म्हाताऱ्यानं हुकूम कुणालाच दिला नाही, कुऱ्हाड स्वतः उचलली. सगळं सैन्य वाचलं. चाळीस जण पलीकडं राहिले. त्यांत बुर्रसचा धाकटा भाऊ सॅल्वियस होता.

"ते नाही," बुर्रस म्हणाला.

"तूच म्हणू शकतोस. आम्ही म्हटलं तर घाव होईल."

"आणि मी म्हटलं तर काय, लोणी लागेल?"

"नाही म्हटलंस तर म्हाताऱ्याला दृष्ट लागेल. बघ बाबा. त्याच्यावर सगळ्यांत जास्त जीव तुझाच."

दुपारी रथ शहरात शिरला. म्हाताऱ्याचा चेहरा देवराज ज्युपिटरच्या मूर्तीसारखा शेंदरी रंगवलेला, हातात विजयाची लॉरेलची फांदी. पहिल्या रांगेत बुर्रस. टकलाचं कडवं झालं, सासऱ्याचं झालं. अस्वलाच्या कडव्याला तर बायका पोट धरून हसल्या.

मग चौकात कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर ज्युपिटरच!"

बघता बघता सगळा रस्ता तेच ओरडायला लागला. ज्युपिटर! ज्युपिटर! गच्चीवरून फुलं पडत होती. माणसाला थेट देव म्हटलं, आता दृष्ट लागल्यावाचून राहत नाही, बुर्रसला वाटलं. हेरियसला त्याला कोपरानं ढोसावंही लागलं नाही.

बुर्रसनं एकट्यानंच सूर लावला.

"पूल तोडलास आपल्या हातानं, माझा भाऊ पलीकडं;
एवढी गर्दी जमली तरी बघतोयस कुणाकडं?"

मागच्या रांगा गप्प झाल्या. लोकही हळूहळू गप्प झाले, काय झालं ते न कळताच. रथाची चाकं तेवढी वाजत होती. म्हाताऱ्यानं मान वळवली नाही. हातातली फांदी मात्र सावकाश खाली आली.

मग हेरियसनं ते कडवं उचललं. त्याच्यामागून दोन हजारांनी. हसलं कुणीच नाही.

रथात म्हाताऱ्याच्या मागं एक गुलाम त्याच्या डोक्यावर सोन्याचा मुकुट धरून उभा होता. मधूनमधून कानाशी लागून 'तू माणूस आहेस, विसरू नकोस' असं म्हणायचं, एवढंच त्याचं काम. गाणं थांबलं तसा तो पुढं वाकला.

"राहू दे," म्हातारा म्हणाला. "ऐकलं मी."