आजी, येळवस कधी?

"आजी, येळवस कधी आहे?" रोज सकाळी जिन्यावरून इराचा हाच सवाल, आन् रोज माझं डोस्कं फिरायचं. "येईल तवा येईल! तू गुमान अभ्यास कर की."

इरा नांदेडची. बाप बँकेत, माय शाळेत मास्तरीण. डॉक्टरकीच्या परीक्षेला मार्क कमी पडले म्हणून पुन्यांदा क्लास लावून तिला लातूरला ठेवलेली. लातुरात आता घरोघरी वरच्या खोल्यांत अशीच लेकरं हायत. आमच्या वरच्या खोलीत ही. दिवाळीची सुट्टी करून आली ती पार वाळून गेली. डबा तसाच खाली यायचा. बोलणं न्हाई, हसणं न्हाई.

एक दिवस मी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले तर शेजारी येऊन टेकली. मी आपलं सहज सांगितलं, मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमची येळवस. सगळं लातूर कुलपं लावून शेतात जातं. कडब्याची कोप, म्हंजे खोपटं, करून त्यात पाच दगडांचे पांडव पुजायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील खायची. वळखीचा असो नसो, वाटेनं जाणाऱ्याला हात धरून जेवायला बसवायचं. "मला न्याल?" म्हणली. "चल की, त्यात काय!"

झालं! पोरगी बदललीच. डबा धुवून खाली यायला लागला. आंबील किती आंबट करता, मडकं डोक्यावर कोण नेतं, मी नेलं तर सांडेल का... बाई बाई बाई, कान किटले माझे.

खरं सांगू का, राग तिचा नव्हता. माझी लेक भीमा बी अशीच इचारायची. सहा वर्साची होती. दसऱ्याला नवा फ्रॉक घेते म्हणून मी कबूल केलं होतं, तर उठल्याउठल्या "माय, दसरा कधी?" गणपती बुडवून आलो, निजलो, आन् पहाटं भूकंपानं घर अंगावर आलं. मला काढलं. तिला काढलं तवा ती नव्हती. तवापास्नं मी कुणाला पुढलं काही कबूल करत न्हाई. ह्या पोरीला 'चल' म्हणून बसले, त्याचाच जिवाला घोर लागला होता.

येळवशीच्या आदल्या सांजेला तिच्या मायचा, प्रेमलाबाईचा, फोन आला. "मावशी, उद्या क्लासची मोठी टेस्ट आहे. इराला नेऊ नका. सणवार सगळे परीक्षेनंतर."

मला तर सुटल्यासारखं झालं. वर जाऊन सांगितलं, "माय नगो म्हणती बाई. पुढल्या साली जाऊ." तिनं "बरं" म्हणलं. नुसतं बरं. मी मनात म्हणलं, शहाणी हाय पोरगी.

सकाळी जीप भरली. गल्लीत दारांना कुलपं लागून राहिलेली, लेकरं वरडून राहिलेली, माझा लेक बजरंग हॉर्नवर हॉर्न मारतोय. म्हणलं, पोरीला भज्जीचा डबा तर देऊन येऊ, आन् जिना चढले.

दार उघडंच. खोली झाडलेली. पुस्तकं सुतळीनं बांधलेली, गादी गुंडाळलेली. इरा फरशीवर बसली होती.

"अगं, टेस्ट न्हाई का? सामान कशाला बांधलंस? नांदेडला निघालीस व्हय?"

तिनं मान हालवली. न्हाई.

"मग?"

दूधवाल्याला उद्या येऊ नको सांगावं, इतकं शांत बोलली ती. "आजी, मला जगायचंच नाही. दिवाळीनंतर ठरवलं होतं मी. मग तुम्ही येळवशीचं सांगितलंत. म्हटलं, एवढं बघून घेऊ. तेवढ्यासाठी थांबले होते."

डबा हातातून कधी पडला मला ठावं न्हाई. फरशी हालली म्हणून मी चौकट धरली. फरशी हालली नव्हती. अगं माय गं! ह्या लेकराचा जीव माझ्या एका शब्दावर अडकलेला, आन् मी काल तो शब्द मोडून खाली आले आन् निवांत दोन भाकरी खाल्ल्या!

"ऊठ!" मी वरडलेच.

"पण आई—"

"मायला मी बघते. ऊठ म्हणते ना!"

मनगट धरलं ते जीपमध्ये बसेपर्यंत सोडलं न्हाई. तिथूनच फोन लावला. "बाई, टेस्ट गेली चुलीत. लेकरू जीव द्यायला बसलंय तुमचं. असाल तशा निघा. डॉक्टर, दवाखाना, सगळं करू, पर आधी या." पलीकडून नुसतं रडणं.

शेतात गेल्यावर आंबिलीचं मडकं इराच्या डोक्यावर दिलं. मी कोपराला धरून होते. कोपीभवती फिरताना आंबील डुचमळली, तिच्या खांद्यावर सांडली, आन् ती हसली. खरंच हसली. तवा मला भीमा आठवली. दसरा तिला दिसला न्हाई, खरं हाय. पर ते इचारायचे दिवस? फ्रॉकला खिसा पायजे म्हणून नाचायचे दिवस? ते तर तिचे झाले होते की! मी इतकी वर्सं नुसती ती पहाटच बघत बसले. पदर तोंडात कोंबून रडले मी.

जेवणं झाली. इरानं पोटभर खाल्लं. हात धुवून बांधाकडं बघत बसली. येळवस तर झाली! आता हिच्यापुढं काय?

"इरा, हुरड्याला येशील का गं?"

ती हातातली कडब्याची काडी मोडत राहिली.

"ह्याच जोंधळ्याची कणसं. दाणा भरला की आगटीत भाजायची, चोळून गरम गरम खायची. संक्रांतीच्या पुढल्या आइतवारी. मी नेणार. कुणाचा फोन येऊ दे न्हाईतर कुणाचा बाप येऊ दे."

तिनं दुसरी काडी उचलली.

दुपार कलली तवा प्रेमलाबाई आल्या. ढेकळांतून पळत, चपला हातात. लेकीला जी मिठी मारली ती सोडंचना. "नको ती परीक्षा, काही नको, तू हवीस मला, ऐकतीयेस ना..." लोक आवरायचे थांबून बघून राहिले. इरा लाकडासारखी उभी. मग हळूहळू तिचे हात मायच्या पाठीवर गेले. आन् मायच्या खांद्यावरून तिनं माझ्याकडं बघितलं.

"आजी, कणसं कोण भाजतं?"

"तू," म्हणलं मी. "दुसऱ्या कुणी हात लावून तर बघू दे!"