डाव्या हाताची पोरं

ती युक्ती माझीच, दुसऱ्या कुणाच्या माथी मारत न्हाई. संस्थेचे अध्यक्ष भगवानराव वर्ग बघायला आले की सगळ्या पोरांनी हात वर करायचा. उत्तर येतं त्यानं उजवा, येत न्हाई त्यानं डावा. मी उजवेच उठवणार. जिंतूरच्या या शाळेत तीन वर्षं तासिकेवर इंग्रजी शिकवतेय मी. आज वर्ग चमकला तर नोकरी कायम, न्हाई तर घरचा रस्ता. माणसानं करावं तरी काय?

पंधरा दिवस हुशार बारा पोरं घोटून घेतली. बाकीच्यांना डावा हात नेमून दिला नि व्हरांड्यात तक्ते रंगवायला बसवलं. आत राहिली की मधीमधी विचारतात, वेळ जातो.

भगवानराव आले. फळ्यावर मी लिहून ठेवलं होतं, ‘अ‍ॅट द एक्स्पेन्स ऑफ’, आणि खाली अर्थ: एकाचा फायदा, दुसऱ्याच्या नुकसानीवर.

“वाक्य कोण करतंय?” मी विचारलं.

सगळे हात वर. मी बारातल्या हरिओमचं नाव घेणार, तेवढ्यात ते म्हणाले, “बाई, तुमी थांबा. मी उठवतो.” आणि बोट गेलं व्हरांड्यातल्या सृष्टीकडं. हात डावा!

“साहेब, ती जरा कच्ची हाय,” मी बोलून बसले. “दुसऱ्याला विचारा ना.”

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. पण बसली न्हाई. मग अडखळत, पण अगदी बरोबर इंग्रजीत ती म्हणाली, “उजव्या हाताची पोरं डाव्या हाताच्या पोरांच्या नुकसानीवर शिकली.”

मेले! खिडकीतून ऐकून शिकली होती कार्टी.

“वाक्य झकास हाय,” भगवानराव म्हणाले. “पण हे उजवं-डावं काय प्रकरण?”

सृष्टीनं माझ्याकडं बघितलं.

“काय न्हाई सर,” ती म्हणाली. “उगं मनानंच केलं.”

ते खूश झाले, माझ्या नावापुढं ‘उत्तम’ लिहून गेले. खरं सांगून टाकावं असं लय वाटलं. पण मी फळाच पुसत राहिले. लाज वाटली स्वतःची.

शाळा सुटल्यावर ती टेबलाजवळ आली.

“मॅडम, उद्यापासून आमी आत बसावं का?”