मोरचुदाचं झाड

"प्रोफेसरसाहेब, जाहिरातीतलं तुमचं जिवंत झाड संडासले कुठं जाते?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून विशाखाने विचारलं. नागपूरच्या धरमपेठेतला अख्खा हॉल खो खो हसला. मंचावर पांढऱ्या कोटातले प्रोफेसर जीवानंद मात्र गोड हसले.

"बेटी, हा देवधर्म नाही, विज्ञान आहे. अमेरिकेत काचेच्या फुग्यात वीज सोडून जीव बनवला. मी विजेशिवाय बनवतो."

त्यांनी बरणीतल्या पाण्यात निळा खडा टाकला. खड्यातून कोंब फुटला, वर चढला, फांद्या फुटल्या. बायांनी हात जोडले. विशाखाच्या बाबांनीही, आनंदरावांनी. छप्पन साली दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडलेला माणूस. कोणी भगवी कफनी घालून आला असता तर दारातूनच हाकलला असता. पांढऱ्या कोटाला मात्र ते भुलले.

आता त्या बरणीतलं 'जीवजल' थोरली लेक सिंधू पिणार होती. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. शेजारी सासू बसलेली. "हा शेवटचा इलाज," ती सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मंग दुसरी सून आणीन."

सिंधूने ग्लास उचलला, तशी विशाखा मंचावर चढली. जाहिरातीतलं निळं झाड पाहून तयार ठेवलेली बाटली दप्तरातून काढली.

"हे काचपाणी. साबणाच्या कारखान्यात वापरतात, शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी देलं. साहेबांच्या बरणीतही हेच. अन् हा मोरचूद. काटोलचा मामा संत्र्यावर फवारते." खडा टाकला. तेच निळं झाड उगवलं. "आता शाईत घालतात तो हिराकस." हिरवं उगवलं.

पुढच्या रांगेतले लोक उठून मंचाजवळ आले.

"खड्याभोवती पातळ कातडी बनते. आत पाणी शिरलं का फुटते, फुटल्या जागी नवी बनते. म्हणून वाढते. पण हे खात नाही, पिल्लं देत नाही. अमेरिकेतही जीव नाही बनवला, जीव ज्याचा बनते ते थोडे कण बनवले. त्यातून जीव उभा राहाले पृथ्वीले कोट्यवधी वर्षं लागले, अन् या साहेबायले एक मिनिट पुरते. साहेब, पहिले तुम्ही प्या."

"माझा आज उपवास आहे."

त्यातल्या चौघांनी प्रोफेसरला खाली पाडलं, नाक दाबलं, ग्लास तोंडाशी नेला. तो लहान पोरासारखा रडायला लागला. विशाखाला ते क्षणभर फार आवडलं. मग तिनेच ग्लास उपडा केला. "आतडी जळतीन त्याची. म्हणूनच तं ताईले पिऊ देलं नाही."

सासू उठली आणि सुनेकडे न पाहता निघून गेली.

"मी पिऊन मेली असती तं सुटली असती वं," सिंधू बहिणीला हळूच म्हणाली.

सिंधूला माहेरी आणलं. घरी आई कांताबाई पदराने डोळे पुसत होती. आनंदराव म्हणाले, "कोट पाहून फसलो मी."

"बाबा, सहा वर्षं ताईच्याच पोटात जडीबुटी गेली, विभूती गेली, आज मोरचूद जात होता. भाऊजीले एकदा तरी डॉक्टरकडे नेलं का कोणी?"

कांताबाईने पदर डोळ्यांवरून काढून धाकट्या लेकीकडे पाहिलं.

"तपासल्याबिगर काहीच मानायचं नाही. कोटही नाही, सासूही नाही. उद्या मी भाऊजीच्या घरी जाणार. दोघांचीही तपासणी होईन, तवाच ताई तिथं पाय ठेवीन. तुम्ही सोबत आले तं बरं. नाही तं मी एकटी चालली."