मेहुण्याचे छर्रे

मी रजेवरून परतले तेव्हा आमच्या पायसांदूच्या रुग्णालयात जो तो मला एकच किस्सा सांगत होता. खोकला थांबेना म्हणून ओलेगारियो म्हातारा आला होता. त्याच्या छातीचा एक्स-रे पडद्यावर लागला आणि खांद्यात बंदुकीचे जुने छर्रे चमकले. आमचे साहेब, डॉक्टर एचेनिके, स्वतःला घार समजतात. वाळक्या भोपळ्याच्या पेल्यातला इकडचा कडू चहा नळीने ओढत ते म्हणाले, "हे कुणाचं कर्तृत्व?"

"मेहुण्याचं. तित्तिर मारायला निघाला होता."

"अहो, मेहुण्याच्या हातात बंदूक देतं का कुणी?"

सगळे खो खो हसले. साहेबांनी निदान ठोकलं: जुने छर्रे, फुफ्फुसं स्वच्छ. हुजऱ्यांनी माना डोलावल्या.

काही महिन्यांनी म्हातारा परत आला, तो नुसता हाडांचा सापळा. मी तोच जुना एक्स-रे लावला आणि छर्रे तळहाताने झाकले. शेजारीच, गळ्याच्या हाडामागे, फुफ्फुसात गाठ ठाण मांडून बसली होती.

"साहेब, ही गाठ."

"ही तेव्हा नव्हती."

"हा तेव्हाचाच एक्स-रे आहे."

"मग पुसट असेल, बाई. इतकं पुसट कुणाला दिसतं?"

मी हात काढला. घारीची नजर पुन्हा छऱ्यांवर!

मयतीला मेहुणा हमसून रडत होता. "माझ्या छऱ्यांनीच घात केला."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "छे हो! छऱ्यांनी त्यांना काहीच झालं नाही."

खरंच होतं ते. छर्रे साहेबांच्या डोळ्यांत घुसले होते.