एकाच हाताच्या दोन नोंदी

सविताचं नाव मी दोनदा लिहिलं. एकदा आमच्या चर्चच्या मंडळीच्या वहीत, ती तीन महिन्यांची असताना, बाप्तिस्म्याच्या दिवशी. सहा वर्षांनी शाळेच्या रजिस्टरात. तिथं जातीच्या रकान्यात मी ‘हिंदू महार’ असं लिहिलं. दौंडला आमच्या मंडळीतली बरीच घरं तसंच सांगत, कारण ख्रिस्ती लिहिलं की राखीव जागा गेली. मी शाळेत मास्तर होतो आणि मंडळीचा चिटणीसही. समोरच्याला दुखवण्यापेक्षा सांगेल ते लिहून टाकणं मला सोपं वाटायचं.

२००३ साली सविता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, राखीव जागेवर. कुणीतरी तक्रार केली. जात पडताळणीचे साहेब चौकशीला येणार, असं पत्र आलं. तिची आई सिंधूबाई कुरकुंभला एका कारखान्यात झाडलोट करायची, नवरा वारलेला. साहेब यायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली.

“गुरुजी, खोटं बोला असं मी म्हणत न्हाई. आठवत न्हाई म्हणा. तुमच्या वयाला शोभतं.”

“आणि मंडळीची वही?”

“वहीला वाळवी लागती, गुरुजी. माझ्या पोरीला लावू नका म्हंजी झालं.”

होयला होय म्हणावं, नाहीला नाही, हे मी रविवारच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं. मला स्वतःला ते कितपत जमलं, देव जाणे. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, प्रार्थना करा. केली. उत्तर आलं नाही, किंवा आलेलं मला ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब सिंधूबाईच्या घरी सतरंजीवर बसले होते. मला साक्षीला बोलावलं होतं. बायबलच्या वचनांचं कॅलेंडर काढून टाकल्यामुळे भिंतीवर पांढरा चौकोन उमटला होता. साहेबांनी तो पाहिला आणि कागद उघडले.

“गुरुजी, तुम्ही इथले जुने. या मुलीचा बाप्तिस्मा झालाय का?”

“आठवत नाही, साहेब. वय झालं.”

“पाढे आठवतात का?”

“तीसपर्यंत येतात,” मी म्हणून गेलो.

साहेब हसले. सिंधूबाईनं कपाळावर हात मारला.

स्वयंपाकघराच्या दारातून सविता म्हणाली, “साहेब, माझा बाप्तिस्मा झालाय. मी दर महिन्याला प्रभुभोजन घेते.”

“गप. आत जा,” सिंधूबाई म्हणाली.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मनानं बरा माणूस असावा. “पोरी, मी अजून काही लिहिलेलं नाही. तुझं आणखी दीड वर्ष राहिलंय. आता पुन्हा विचारतो, नीट विचार करून सांग.”

“पुन्हा विचारलंत तरी तेच सांगीन, साहेब.”

ते माझ्याकडे वळले. “गुरुजी, ही खरं बोलतेय?”

नाही म्हटलं तर ती माझ्या तोंडून खोटी ठरणार होती. होय म्हटलं तर तिची जागा जाणार होती. तिच्याकडे पाहिलं. उत्तर बरोबर आल्यावर वर्गात बघायची तशीच ती माझ्याकडे बघत होती.

“होय,” मी म्हणालो. “दोन्ही नोंदी माझ्याच हातच्या आहेत.”

साहेबांनी जबाब लिहिला. मी खाली सही केली. चहा अर्धा ठेवून ते गेले.

सिंधूबाई रडली नाही. तिनं डोक्याला रुमाल बांधला. “तुमचं दोघांचं तिकडं वर जमंल, गुरुजी. मला दुपारपाळी हाय.” आणि ती निघून गेली.

सविता तिथंच उभी होती. “गुरुजी, बरोबर केलं ना मी?”

शिकवलं मी होतं, तेव्हा उत्तर मला यायला हवं होतं. कट्ट्यावर सिंधूबाईचा डबा तसाच राहिला होता. मी म्हणालो, “आईला डबा देऊन ये.”

ती डबा घेऊन धावली. मी दारात आलो. सिंधूबाई स्टँडच्या रस्त्यानं मागं न बघता भराभर चालली होती आणि सविता तिला हाका मारत मागून पळत होती.