फटफटीच्या गळ्यातली शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. मित्रांनो, 'जुनी' म्हटले की तुम्ही लगेच हळहळायला लागाल, म्हणून आधीच बजावते: माझी कीव करू नका. मी स्वभावाने कर्कश आहे, मानी आहे आणि गोड बोलणे मला आजवर जमलेले नाही. माझी गोष्ट नीट ऐका, मग कीव कुणाची करायची ते तुमचे तुम्ही ठरवा.

माझा जन्म एका बोळातल्या लहानशा कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्यातून मला कापले, साच्यात दाबले, दोन अर्धे जोडून डाख दिला आणि पोटात बुचाची एक गोळी सरकवली. ती गोळी आत नाचते म्हणून माझा आवाज थरथरतो. शेवटच्या टेबलाशी गोबऱ्या गालांच्या एक बाई बसत. तयार शिट्ट्या फुंकून पाहायच्या, एवढेच त्यांचे काम. मला त्यांनी एकदाच फुंकले आणि कानावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, ही तर भांडखोर निघाली!" मग चांगल्या मालाच्या खोक्यात टाकले. माझे पहिले कौतुक ते असे.

मला एका खेळाच्या गुरुजींनी घेतले. खिळ्याने त्यांनी माझ्या कुशीवर छोटासा क्रूस कोरला. चर्चमागच्या मैदानावर कित्येक वर्षे मी त्यांच्या छातीवर लोंबकळत होते. किती पोरांची खोड मी जागच्या जागी जिरवली असेल! म्हातारपणी गुरुजींनी मला त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याच्या हातात ठेवले. "जीव गेला तरी हिला सोडू नकोस," असे म्हणाले. तो विद्यार्थी म्हणजे या गोष्टीतला दादा.

दादा चांगला माणूस होता, हे आताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचे ऐकून तुम्ही त्याला राक्षस समजाल. तो चर्चच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक होता. बोलता बोलता त्याचे डोळे भरून यायचे. एका वर्षी त्याच्या संघाने ठरवले की परदेशी जायचे, तिथल्या आईबाप नसलेल्या मुलांना पंधरा दिवस फुटबॉल शिकवायचा आणि प्रभूची माया सांगायची. मीही निघाले. मी पहिल्यांदाच विमानात बसले. आत मला कुणी वाजवू दिले नाही, याचा मला फार राग आला होता.

ते वसतिगृह म्हणजे दोन लांबट खोल्या, लोखंडी खाटांच्या रांगा आणि ठिकठिकाणी गळणारे छत. खाटांच्या मधे बादल्या आणि पातेली मांडलेली असत. बाहेर धुळीचे मैदान, कडेला एक झाड, आणि पाण्याच्या जुन्या नळांचे केलेले दोन गोल. सगळा कारभार मोठ्या बाई पाहायच्या. आमची भाषा तिथे फक्त त्यांना यायची. दादा बोलायचा आणि बाई मुलांना ते त्यांच्या भाषेत सांगायच्या. रोज सकाळी प्रार्थना, मग गाणी, मग गोष्ट आणि मग खेळ. गोष्टीचा विषय बहुतेक वेळा एकच असे, क्षमा. दादाचा त्यात हातखंडा होता.

तिथे अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे फटफटी म्हणत. ती बोलायला लागली की पहिले अक्षर अडायचे, "म... म... म..." असे, सुरू न होणाऱ्या फटफटीसारखे. लगेच पोरे ओरडायची, "किक मारा रे, किक मारा!" आणि खरोखरच मागून लाथ घालायची. मोठ्या बाई ऐकायच्या आणि म्हणायच्या, "तुम्ही तरी कशाला तिला बोलायला लावता?" पण पायात चेंडू आला की ती पोरगी वेगळीच व्हायची. अनवाणी पळायची आणि तीन-तीन पोरांना चकवून गोलापर्यंत जायची. दादाच्या तोंडून "वा!" निघायचे आणि मी त्याच्या छातीवर उडायचे.

निघायच्या दिवशी काय गोंधळ होता म्हणून सांगू! ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता, संघातली मुले रडत होती, फोटो काढत होती. दादाच्या अंगात दानशूरपणा संचारला होता. एकाला टोपी दिली, एकाला मोजे, कुणाला पाण्याची बाटली. एवढ्यात फटफटी धापा टाकत आली. दादाचा मैदानावर राहिलेला चष्मा तिने आणला होता. दादाने तिला नाव विचारले. ती म्हणाली, "म... म..." पोरे हसली आणि पुन्हा टोपी-मोज्यांच्या झोंबाझोंबीत गुंतली. दादाच्या डोळ्यांत टचकन पाणी आले. त्याने मला गळ्यातून काढले आणि तिच्या गळ्यात घातले.

"बाई, हिला सांगा," तो म्हणाला, "तोंडाने जमत नसेल तर या शिट्टीने बोल. वर्षभर या पोरांना शिकव. पुढच्या वर्षी मी येईन, तेव्हा संघाची कर्णधार तू."

बाईंनी ते शब्दन् शब्द तिला सांगितले. बस निघाली. दादा मागच्या खिडकीतून हात हलवत राहिला आणि मी मागे राहिले.

आधी मी नाक मुरडले, खोटे कशाला बोलू? कुठे गुरुजींची छाती आणि कुठे हा मळका फ्रॉक! पण त्या पोरीने मला फुंकले मात्र, आणि माझी बोलतीच बंद झाली. तिची फुंक एकदाही अडली नाही. "म... म..." नाही की काही नाही, आवाज सरळ मैदानाच्या टोकापर्यंत गेला. किक मारा म्हणणारी पोरे जागीच उभी राहिली.

त्या वर्षाइतकी मी कधीच वाजले नाही. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा. दोन आखूड म्हणजे सगळे माझ्याकडे या. एवढी दोनच वाक्ये तिची, पण त्यांवर तिने पंचवीस पोरांचा संघ उभा केला. धाकट्यांच्या नडग्यांना पुठ्ठे बांधले, भांडणे सोडवली, रडणाऱ्यांना गोलात उभे केले. मला ती राखेने घासून लखलखीत ठेवायची. गोल झाला की आनंदाने मला करकचून चावायची. माझ्या तोंडाशी तिच्या दाताची एक खूण अजून आहे. फटफटी हे नाव हळूहळू गळून पडले. पोरे तिला 'कप्तान' म्हणू लागली. मी तिची भाषाही शिकले. म्हणजे तिथे दोन्ही भाषा कळणाऱ्या आता दोघी होतो, मोठ्या बाई आणि मी.

ती अधूनमधून बाईंना विचारायची, "दा... दादा क... कधी येणार?"

"येतील गं. पत्र आलंय. या खेपेला छत करून देणार आहेत आपल्याला," बाई म्हणायच्या आणि वर गळक्या पत्र्यांकडे पाहायच्या.

दादा आला त्या दिवशी तिने दोन आखूड शिट्ट्या मारून सगळी पोरे फाटकापाशी ओळीने उभी केली. मला इतके घासले होते की माझ्यात तोंड पाहता यावे. मोठी गाडी थांबली. मागे दुसरी गाडी होती, तिच्यात छताचे नवे पत्रे होते. दादा हसत उतरला. ओळीवरून चालत चालत तो तिच्यापाशी आला, त्याचे माझ्याकडे लक्ष गेले आणि त्याचे हसू मावळले.

त्याने मला हातात धरून उलटे केले. कुशीवरचा क्रूस पाहिला. "ही माझ्या गुरुजींची शिट्टी आहे," तो बाईंना म्हणाला. "गेल्या वर्षी इथेच हरवली. वर्षभर मी हिच्यासाठी रडलोय, बाई. या मुलीकडे कशी आली?"

मित्रांनो, तो खोटे बोलत नव्हता. तो साफ विसरला होता! त्या गडबडीत त्याने टोपी दिली, मोजे दिले, आणि मलाही दिले. घरी जाऊन बॅग उपसली तेव्हा त्याला एवढेच आठवले की गुरुजींची शिट्टी आपण जीव गेला तरी कुणाला देणार नाही. मग ती गेली म्हणजे चोरीलाच गेली असणार. ज्याने नेली त्याला मी माफ केले, असे त्याने चर्चमध्ये उभे राहून सांगितलेही होते. हे सगळे त्याने तिथेच, भरल्या गळ्याने, बाईंना ऐकवले.

बाईंना सगळे ठाऊक होते. ते शब्द त्यांच्याच तोंडून गेले होते. त्यांनी पोरीकडे पाहिले. मग पत्र्यांनी भरलेल्या गाडीकडे पाहिले.

पोरीला भाषा कळली नाही, पण चेहरा कळला. ती बोलायला धडपडू लागली. "तु... तु... तु..." मागून कुणीतरी खुसखुसले. बाई तिच्या अंगावर खेकसल्या, "एकदाचं बोल ना! का दातखीळ बसली?" तिने डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि, मी शपथेवर सांगते, जन्मात पहिल्यांदा अख्खे वाक्य न अडता बोलली.

"तुम्हीच दिलीत मला, दादा."

"काय म्हणतेय?" दादाने विचारले.

बाई म्हणाल्या, "चुकलं म्हणतेय. माफ करा म्हणतेय."

मी पितळेची आहे. तरी तेव्हा मला वितळून जावेसे वाटले. मला दोन्ही वाक्ये कळली होती, पण कुणी फुंकल्याशिवाय मला बोलता येत नाही! पोरीने मला ओठांशी न्यायला हात उचलला. दादाने तो हात हलकेच धरला, दोरी तिच्या डोक्यावरून काढून घेतली, गुडघे टेकले आणि तिला मिठीत घेतले. "बाळा, मी तुला माफ केलं," तो म्हणाला आणि हुंदके देऊन रडला. संघातली मुले रडली. कुणीतरी फोटो काढला. तीही रडत होती, त्यामुळे फोटो छान आला.

बाईंनी ते पोरांना त्यांच्या भाषेत सांगितले. "हिने शिट्टी चोरली होती. दादांनी मोठ्या मनाने माफ केलंय." पोरे तिच्यापासून एकेक पाऊल मागे सरकली.

कर्णधाराची लाल पट्टी दादाने आणली होती. ती दुसऱ्या एका मुलाच्या दंडावर गेली. "माफ केलं म्हणजे केलंच," दादा बाईंना म्हणाला, "पण बाकीच्यांपुढे आदर्श नको का?" तिला झाडाखाली पाण्याच्या बादलीपाशी बसवले. तिथून ती पंधरा दिवस खेळ पाहत बसली.

शेवटच्या दिवशी सामना ठेवला होता. छत पूर्ण झाले होते, नवे पत्रे उन्हात चमकत होते. खेळ ऐन रंगात आला आणि एक पोरगा पडला. दादाने मला तोंडात धरून घाईत दोनदा फुंकले. दोन आखूड शिट्ट्या! आणि काय सांगू, दोन्ही बाजूंची पोरे होती नव्हती तेवढी चेंडू टाकून धावत सुटली आणि झाडाखाली तिच्यासमोर ओळीने उभी राहिली. पडलेला पोरगासुद्धा लंगडत गेला. लाल पट्टीवालाही गेला. वर्षभराची सवय ती, पायांना कुठे माहीत होते की ती चोर आहे?

ती उभी राहिली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आले. दादा मैदानात एकटाच उभा होता. तो त्या ओळीकडे पाहत राहिला, माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली. मला वाटले, आता आठवेल! चोरी करणारी कुणी पंचवीस पोरांना अशी शिस्त लावते का? आठव रे बाबा, चष्मा आठव, हॉर्न आठव!

"बाई," त्याने विचारले, "पोरं तिच्याकडे का गेली?"

बाईंनी एकदा छताकडे पाहिले.

"घाबरतात तिला," त्या म्हणाल्या. "दहशत बसवली होती हिने शिट्टीच्या जोरावर."

दादाच्या कपाळावरची आठी गेली. "अरेरे," तो म्हणाला आणि त्याने मला फुंकले. एकच लांब शिट्टी. तिने घातलेल्या नेमाप्रमाणे सगळी पोरे थांबली आणि तीही होती तिथेच थांबली.

आता मी चर्चच्या सभागृहात मखमलीवर, काचेच्या पेटीत असते. माझ्या मागे तो मिठीचा फोटो आहे. दादा ठिकठिकाणी प्रभूच्या मायेची साक्ष द्यायला जातो तेव्हा मला नेतो, वर धरून दाखवतो आणि शेवटी एकदा वाजवतो. माझ्यावरच्या दाताच्या खुणेला त्याचा ओठ लागतो. लोक डोळे पुसतात. इतके कौतुक माझे कधीच झाले नव्हते.

मागच्या रविवारी त्याने मोठ्या बाईंचे पत्र वाचून दाखवले. छत आता अजिबात गळत नाही. मुले खुशाल आहेत. "आणि ती मुलगी," बाईंनी लिहिले होते, "तुमच्या क्षमेनं पार बदलली. आता कुणाला त्रास देत नाही. कुणाशी एक शब्दही बोलत नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, गंजू देऊ नका. मला तसले काही मागायचे नाही, मला रोज पुसतात. माझे मागणे एवढेच आहे: कुणाला काही दिलेत तर दिल्याचे लक्षात ठेवा. तेवढे जमत नसेल, तर निदान कुणाला माफ करायच्या आधी एकदा नीट आठवून पाहा.