पुढच्या फेरीत जागा पक्की

त्या विमानाला सगळे नवरी म्हणत. निमुळतं नाक, गोल खिडक्या, पाठीपासून शेपटीपर्यंत एकच सुरेख वळण; बघतच राहावं. पण रूप नवरीचं आणि दम आजेसासूचा. इंजिनं इतकी बेताची की जरा ऊन तापलं, की धावपट्टी सोडताना तिच्या नाकी नऊ येत. म्हणून शेवटी चढलेल्यांना दर फेरीला खाली उतरवावं लागे, आणि ते काम बाईंकडे होतं. शिडीशी उभ्या राहून त्या जिभेवर साखर ठेवून सांगत, "पुढच्या फेरीत तुमची जागा पक्की." मग एक दिवस नवरी निवृत्त झाली आणि कित्येकांची पुढची फेरी राहूनच गेली.

आज, इतक्या वर्षांनी, प्रदर्शनासाठी ती एकदाच उडणार होती. उडवणार होता बाईंचा मुलगा, एकटाच. तिला न्याहाळताना बाईंचे डोळे भरून आले. जुन्या सवयीने त्यांनी पुढच्या चाकाच्या पायाला हात लावला. तिथला चकचकीत दांडा विमान रिकामं असताना चार बोटं उघडा दिसे, भरलं की दोन. आज एकच बोट मावलं.

"दांडा इतका कसा दबलाय रे?" म्हणत शिडी चढून त्यांनी आत पाहिलं. खुर्च्या सगळ्या रिकाम्या, पण प्रत्येक गादी मधोमध दबलेली. मधल्या वाटेतला गालिचासुद्धा पावलापावलांनी दबला होता.

"रिकामं आहे गं, आई," मुलगा पुढे वैमानिकाच्या खुर्चीतून म्हणाला. "दांड्यातलं तेल गळलं असेल. उगाच राईचा पर्वत करू नकोस."

खुर्च्यांना उतरा म्हणायला बाईंनी तोंड उघडलं. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? शब्द त्यांनीच दिला होता. त्या मुलाकडे वळल्या आणि त्या जुन्या गोड आवाजात म्हणाल्या, "साहेब, वजन जास्त झालंय. शेवटी चढलात ते तुम्ही. उतरावं लागेल."

मुलगा हसला. लहानपणी घराच्या जिन्यावर दोघं हाच खेळ खेळत. पण आई हसली नाही, शिडीकडे बोट दाखवत राहिली, तेव्हा तो तिच्यासोबत खाली आला.

"तेल बघतो, मग तर झालं?"

चाकाशी वाकून त्याने हात फिरवला. सगळं कोरडं होतं. तेवढ्यात वरचं दार हळूच आतून लागलं. मग पट्टे लावल्याचे आवाज येऊ लागले, टक्, टक्, एकामागून एक.

"आई, आत कोण आहे?"

"ज्यांना मी उतरवलं ते," बाई म्हणाल्या.

पंखे फिरू लागले होते. बाईंनी मुलाचं मनगट जे धरलं, ते सोडलंच नाही.